बांध कोणाचा?

पणजीहून जुन्या गोव्याकडे निघाले की रायबंदरपर्यंतचा रस्ता एका लांबलचक दगडी सेतूवरून जातो. पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली बांधलेला, सुमारे ३ किलोमीटर लांबीचा हा सेतू आजही वाहतुकीला उपयोगी पडतो. त्याच्या एका अंगाला मांडवीचे रुंद पात्र आहे, तर दुसऱ्या अंगाला मिठागरे आणि सखल, पाणथळ जमीन. अशा जमिनीला गोव्यात आणि कोकणात 'खाजण' म्हणतात. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठांनी, चोडण-दिवाडीसारख्या बेटांवर, फाट्या-उपफाट्यांच्या कडेने अशी खाजणे पसरली आहेत. गोव्यातील त्यांचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते.

एखाद्या खाजणाच्या बांधावर भरतीच्या वेळी उभे राहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. डाव्या हाताला नदीचे पाणी आणि उजव्या हाताला भाताचे शेत असेल, तर शेत खाली आणि पाणी वर असते! शिवाय हे पाणी साधे नाही. पावसाळा संपला की समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर नदीतून तीस-चाळीस किलोमीटर आतपर्यंत चढते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच्या दहाव्या हिश्शाइतका खारटपणाही नेहमीच्या भाताला सोसवत नाही.

मग भरतीच्या पातळीखालच्या या जमिनीत शेकडो वर्षे भात कसा पिकला? या प्रश्नाचे अर्धे उत्तर भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र देते. उरलेले अर्धे उत्तर गावकीच्या इतिहासात आहे. विज्ञानाचे विद्यार्थी पहिल्या अर्ध्यावर थांबतात. मीही बरीच वर्षे तसाच थांबलो होतो.

आपोआप मिटणारे दार

खाजणाची रचना थोडक्यात अशी. नदीच्या बाजूला चिखल, पेंढा आणि जांभा दगड वापरून घातलेला भक्कम बाहेरचा बांध असतो. त्याच्या पुढे, नदीच्या अंगाला, कांदळ-तिवरांची झाडी असते. लाटांचा मारा ती स्वतःवर घेते. आतल्या बाजूला लहान बांध असतात, आणि पाऊस व झिरपा यांचे पाणी वाहून नेणारे चर असतात. हे सारे चर एका खोलगट तळ्यात येऊन मिळतात. या तळ्याला 'पोंय' म्हणतात. पोंय आणि नदी यांच्यामध्ये, बाहेरच्या बांधात, एक दार बसवलेले असते. त्याचे नाव 'मानस'.

मानस म्हणजे दगडी बांधकामात बसवलेल्या लाकडी झडपा. या झडपा फक्त एकाच दिशेने, नदीकडे, उघडतात. ओहोटीला नदीची पातळी खाली गेली की आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. भरती आली की नदीचे पाणीच झडप दाबून घट्ट मिटवते. येथे माणूस लागत नाही, यंत्र लागत नाही आणि इंधनही लागत नाही. दर सव्वाबारा ते साडेबारा तासांनी भरती येते, आणि दार आपले काम करते. आपल्या हृदयातील झडपा याच तत्त्वावर चालतात, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

या दारावर किती भार येतो, ते मोजून पाहू. समजा, दाराची रुंदी १ मीटर आहे. भरतीच्या वेळी दाराच्या तळापासून नदीचे पाणी दीड मीटर उंच आहे आणि आतले पाणी अर्धा मीटर. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, म्हणून दारावरचा एकूण भार उंचीच्या वर्गाच्या निम्म्याइतका येतो. बाहेरून (१.५ × १.५) ÷ २ म्हणजे १.१२५ टन, आतून (०.५ × ०.५) ÷ २ म्हणजे ०.१२५ टन. फरक बरोबर १ टन! पाण्याच्या पातळीत केवळ एका मीटरचा फरक असताना दारावर एका टनाचा भार येतो, आणि तोच भार दार घट्ट मिटून ठेवतो. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक सुमारे २ मीटर असतो आणि भांगाच्या दिवसांत तो निम्म्यावर येतो, हे लक्षात घेतले म्हणजे हे गणित कागदावरचे नाही हे पटेल.

पाऊस, भात आणि मासे

खाजणाचे वर्ष पावसाभोवती फिरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाआधी जमीन नांगरून ढेकळे उघडी ठेवतात. पहिल्या पावसाचे पाणी या ढेकळांतील क्षार विरघळवते, चरांतून पोंयीत नेते आणि ओहोटीला मानस ते नदीत सोडते. असे काही दिवस धुऊन निघाल्यावर मग पेरणी किंवा लावणी होते.

या वेळापत्रकामागे चांगले वनस्पतिशास्त्र आहे. भाताला खाराचा त्रास सर्वांत जास्त होतो तो दोन वेळा : रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्याच्या सुमारास. या दोन्ही अवस्था पावसाळ्यात, म्हणजे नदीसुद्धा बरीचशी गोडी असते तेव्हा, उरकतील असा हिशेब शेतकऱ्यांनी बसवला होता. त्याला जोड होती ती खास वाणांची. 'कोरगुट' हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. उंच वाढणारे, थोडे दिवस पाण्यात राहिले तरी न कुजणारे आणि खार सोसणारे हे भात उतारा कमी देते, पण वाईट वर्षीही घरात काहीतरी आणते. त्याच्या लाल तांदळाची पेज हे कष्टकऱ्यांचे रोजचे अन्न होते.

कापणीनंतर शेत रिकामे राहात नाही. मानशीच्या फळ्या हाताने उचलून खारे पाणी बेताने आत घेतले जाते. पाण्याबरोबर कोळंबीची आणि माशांची पिल्ले येतात. कुजणाऱ्या धसकटांवर सूक्ष्मजीव वाढतात, आणि त्यांच्यावर शेवटे, कालुंदर, सुंगटे पोसतात. गोड्या पाण्यातले तण खाऱ्या पाण्याने मरते. पुढच्या ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की बाहेर जाणारी मासळी जाळ्यात येते. काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठही पिकवतात. म्हणजे भात, मासे आणि मीठ हे तिन्ही एकाच शिवारातून मिळतात!

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बाहेरचा बांध शेताबरोबर गावच्या विहिरीही राखतो. बांध फुटून खारे पाणी आत ठाण मांडून बसले, तर ते जमिनीतून झिरपते आणि खाजणाकाठच्या विहिरी मचूळ होतात. शेत एखाद्या वर्षी नाही पिकले तर तांदूळ विकत आणता येतो. विहीर बिघडली तर सकाळच्या घागरीचे काय करायचे?

गावाने केलेली व्यवस्था

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. एवढी मोठी रचना सांभाळत कोण होते?

खाजणे फार जुनी आहेत. फोंड्याजवळ बांदिवडे येथे कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन राजाचा एक ताम्रपट सापडला आहे. इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकातील या ताम्रपटात 'खज्जन' हा शब्द येतो. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या सुमारे नऊशे वर्षे आधीपासून येथील लोक खाऱ्या दलदलीतून शेत काढत होते.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकली. सारा वसूल करायचा तर येथील व्यवस्था समजून घेणे भाग होते. म्हणून १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे चालत आलेले रिवाज नोंदवून घेतले. तो दस्तऐवज 'फोराल' नावाने ओळखला जातो. कोणे एके काळी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीखाली आणली, वस्ती वाढली आणि त्यांचे वंशज गावकार झाले, अशी गावांच्या उत्पत्तीची हकिकत त्यात नोंदलेली आहे. या गावसंस्थेला गावकरी म्हणत. पुढे पोर्तुगीज अमदानीत ती 'कोमुनिदाद' म्हणून ओळखली जाऊ लागली. अशा दोनशेहून अधिक संस्था गोव्यात होत्या.

जमीन संस्थेची, सर्वांची मिळून. शेते ठरावीक मुदतीसाठी लिलावाने कसायला दिली जात. उत्पन्नातून सरकारचा सारा, देवस्थानाचा खर्च आणि बांध-मानशींची दुरुस्ती वजा करून जे उरे ते गावकारांमध्ये वाटले जाई. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बांध, मग वाटा. मानशीवर मासे धरण्याचा हक्कही लिलावाने दिला जाई. लिलाव घेणाऱ्याला अटी असत. भात उभे असताना खारे पाणी आत घ्यायचे नाही आणि ठरलेल्या पातळीच्या वर पाणी चढू द्यायचे नाही. पुष्कळ ठिकाणी खाजण कसणाऱ्यांची स्वतंत्र मंडळेही असत, आणि बांधाची देखरेख त्यांच्याकडे असे.

देखरेख म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. बांध बहुधा एकदम फुटत नाही. एखादा खेकडा बीळ करतो किंवा घूस पोखरते. उधाणाच्या भरतीला त्या बिळातून बोटाएवढी धार वाहू लागते. वाहते पाणी कडेची माती नेते, भोक मोठे होते, त्यामुळे जास्त पाणी वाहते आणि ते आणखी माती नेते. दोन-तीन भरत्यांत तेथे खांड पडते. पहिल्या दिवशी जे काम एका माणसाच्या दोन पाट्या चिखलाने भागले असते, त्याला आठवड्याने पन्नास माणसे पुरत नाहीत. म्हणून प्रत्येक उधाणाला कोणीतरी बांधावरून चालत जाणे आवश्यक असे. अमावास्या-पौर्णिमेच्या त्या फेरीवर साऱ्या शिवाराचे अन्न अवलंबून होते.

मात्र या व्यवस्थेकडे हळवेपणाने पाहू नये. गावकार होता येई ते जन्माने, आणि तेही पुरुषांनाच. कमरेएवढ्या चिखलात उभे राहून बांध घालणारे गावडे-कुणबी मजूर, लावणी-कापणी करणाऱ्या बायका आणि वर्षानुवर्षे जमीन कसणारी कुळे यांतल्या बहुतेकांना सभेत आवाज नव्हता आणि वाट्यात हिस्सा नव्हता. बांध टिकला याचे श्रेय व्यवस्थेला द्यायचे, तर तो कोणाच्या श्रमावर टिकला हेही त्याच नोंदीत लिहिले पाहिजे.

जमीन वाटली, बांध राहिला

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. शतकानुशतकांचा अन्याय दूर करणारे हे पाऊल होते, आणि ते योग्यच होते. पण त्याबरोबर एक अडचण उभी राहिली, आणि ती पुरी सुटली असे म्हणता येत नाही.

शेताचे तुकडे करता येतात. हा तुकडा तुझा, तो माझा, असे सात-बाऱ्यासारख्या उताऱ्यावर लिहिता येते. बांधाचे तसे करता येत नाही. दोन किलोमीटरांच्या बांधात एक हात रुंदीची खांड पडली तर उरलेल्या लांबीचा काही उपयोग नसतो. पाणी खांड पडलेल्या जागेच्या मालकाचे शेत शोधत जात नाही, ते सगळ्या खाजणात सारखे पसरते. कोमुनिदादीकडे आता खंडाचे उत्पन्न उरले नाही, त्यामुळे बांधात रस उरला नाही. नव्या मालकांपैकी प्रत्येकाला आपले शेत दिसत होते. बांध मात्र सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही, असे होऊ लागले.

हा धोका सरकारला दिसला नाही असे नव्हे. १९७५ च्या नियमांनी खाजणातील कुळांच्या संघटना करून बांधांची जबाबदारी त्यांच्यावर एकत्रितपणे सोपवली, आणि मानशीच्या लिलावाचे उत्पन्न त्यासाठी वापरावे अशी योजना केली. काही ठिकाणी या संघटना नीट चालल्या. अनेक ठिकाणी मात्र त्या कागदावर राहिल्या. कारणे समजण्यासारखी आहेत. तोवर नोकऱ्या शहरात आणि आखातात मिळू लागल्या होत्या, भातशेती परवडेनाशी झाली होती आणि उधाणाची फेरी मारायला घरात तरुण माणूस नव्हता.

त्याच काळात कोळंबीला निर्यातीमुळे भाव चढला. भात आणि मासे यांचा तोल पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतो. जास्त खारे पाणी, जास्त दिवस आत ठेवले तर मासळी वाढते आणि भात मरतो. पूर्वी या दोहोंत निवाडा करणारी एक सभा होती. आता मानशीचा ठेकेदार एका बाजूला आणि विखुरलेले शेतकरी दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती आली. मासळीसाठी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही झाल्या. त्यात खनिज वाहून नेणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी मांडवी-जुवारीकाठचे बांध ढासळू लागले.

बांध फुटून पडीक राहिलेल्या खाजणात काही वर्षांत तिवरे उगवतात. येथे नवा पेच पडतो. कांदळवन हे मासळीचे माहेरघर आणि किनाऱ्याचे कवच आहे, त्यामुळे कायदा त्याला संरक्षण देतो. मग शेतकरी म्हणतो, हे माझे शेत आहे, आणि वनरक्षक म्हणतो, हे वन आहे. दोघेही खोटे बोलत नसतात. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यातील खाजणांचे नकाशे करावेत, त्यांच्यासाठी व्यवस्थापन आराखडा करावा आणि तेथे बांधकामे होऊ देऊ नयेत, अशी स्वतंत्र तरतूद केली गेली. नकाशाने बांधकाम रोखता येईल, पण खेकड्याचे बीळ बुजवता येणार नाही.

हा प्रश्न गोव्यापुरता नाही

अघनाशिनीच्या मुखाशी कर्नाटकात 'गझनी' जमिनी आहेत आणि तेथे 'कग्ग' भात होते. केरळात 'पोक्काळी' आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाब्यात, अलिबाग-पेणचा खारेपाट आहे. तेथे खाडीतून काढलेल्या अशा जमिनींना शिलोत्री म्हणत, आणि बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीपोटी कुळांकडून वेगळे धान्य घेतले जाई. म्हणजे बांधाचा खर्च शेताच्या खंडापासून वेगळा मोजायला हवा, हे तेथेही लोकांना ठाऊक होते. याच खारेपाटात चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतशाहीविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. खारजमिनीत बांध आणि न्याय हे दोन्ही प्रश्न जोडीने येतात, याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आणि १९७९ मध्ये महाराष्ट्रात खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदे झाले, ते याच गरजेतून.

विज्ञान काय करू शकते?

पुष्कळ काही. पोक्काळी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर खार सोसण्याशी संबंधित असा एक भाग संशोधकांना सापडला. त्याला 'सॉल्टॉल' म्हणतात. सोडियम पानांपर्यंत पोचू न देणे आणि पोटॅशियमशी त्याचे प्रमाण राखणे, हे त्या भागाशी निगडित असलेले काम आहे. आज जगभर भाताचे खारसोशिक वाण तयार करताना त्याचा उपयोग होतो. जुन्या गोव्यातील केंद्रीय संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' हे वाण दिले. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बी राखले, म्हणूनच ही निवड करता आली.

पण पुढची अडचण बियाण्याने सुटणारी नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे, आणि वाढीचा वेग चढता आहे. 'बांध उंच करू' असे आपण पटकन म्हणतो. बांध उंच होईल हो, पण मानशीचे काय? नदीची पातळी आतल्या पाण्याहून खाली असेल तेवढाच वेळ मानस पाणी बाहेर सोडते. ओहोटीची पातळीच वर सरकली तर दार उघडे राहण्याचा वेळ कमी होतो. पावसाळ्यात तेवढ्याच पाण्याला बाहेर पडायला कमी तास मिळतात, आणि शेत आतल्या आत, गोड्या पाण्यात बुडते. दारे किती वाढवायची, कोठे बसवायची, पोंय किती खोल करायची, हे सारे मोजून ठरवावे लागेल. ते गणित अभियंता करून देईल. मात्र ती दारे राखणारी सभा त्याला बांधून देता येणार नाही. या वेळी त्या सभेत कूळ, मजूर, मच्छीमार आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, सगळ्यांना जागा असली पाहिजे. जुन्या व्यवस्थेतून घ्यायचे ते 'आधी बांध, मग वाटा' एवढे कलम. तिची सभासद-यादी तशीच्या तशी घेऊन चालणार नाही.

वर्गात करून पाहा

एक उथळ घमेले किंवा पारदर्शक पेटी घ्या. मध्ये पत्र्याचा पडदा उभा करून कडा मातीने किंवा मेणाने बंद करा. पडद्याला एक चौकोनी भोक पाडा आणि त्यावर एकाच बाजूने सायकलच्या ट्यूबचा तुकडा, फक्त वरच्या कडेने चिकटवून, झडपेसारखा लावा. झडपेच्या बाजूला 'नदी', दुसऱ्या बाजूला 'शेत'. नदीत पाणी ओता, झडप मिटेल. नदीतले पाणी काढा, झडप उघडून शेतातले पाणी बाहेर येईल. आता झडपेखाली एक बारीक खडा अडकवून पुन्हा भरती आणा. शेवटी ओहोटीची पातळी दर वेळी बोटभर वर ठेवून शेत रिकामे व्हायला लागणारा वेळ घड्याळात मोजा आणि आलेख काढा.

याबरोबर आणखी एक काम द्या. आपल्या गावातील कोणतीही एक सामाईक वस्तू निवडायची : विहीर, पाट, तळे, गायरान, बंधारा. ती शेवटची कधी दुरुस्त झाली? पैसे कोणी दिले? श्रम कोणी केले? दुरुस्ती करायची हे कोठे ठरले आणि त्या बैठकीला कोण नव्हते? हे चार प्रश्न घेऊन मुलांनी घरोघरी जावे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लवकर मिळतील. चौथ्याला वेळ लागेल, पण ते मिळाल्याशिवाय वही मिटू नये.